चमच्यातला च

९ जानेवारी, गुरुवार

उमेळ्याला येऊन दोन दिवस झाले. बंगळूरच्या ऑफिसने चार आठवडे घरून काम करायची परवानगी दिली आहे. पाच फेब्रुवारीला परत जायचं. तोवर बाबांचा आवाज दुरुस्त करायचा, एवढं एकच काम घेऊन आले आहे. दोन दिवसांत उरकेल असं वाटतंय, उरलेल्या वेळात झोप काढीन.

मंगळवारी दारात पाऊल टाकलं तेव्हा बाबा ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे बघून हसले, दोन बोटांनी टाइप केलं, आणि पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज आला, ‘‘आलीस बाय. जेवलीस का?’’

गेल्या मे महिन्यात त्यांची स्वरपेटी काढली. कॅन्सर गेला, त्याच्याबरोबर आवाज गेला. सात आठवडे ते पाटीवर लिहीत होते. मग मी फोनवर एक बोलणारं ॲप टाकून दिलं, त्यात बाईचा आवाज होता. रिक्षा स्टँडवर त्यांनी बटण दाबलं नि सगळे हसले. घरी येऊन त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘ती बाय कोन?’ आणि फोन फडताळात ठेवून दिला. पुन्हा पाटीच. शेवटी दिवाळीत जुन्या लॅपटॉपवर मी ही फुकटची, सगळ्यांना खुली असलेली प्रणाली बसवली. हिचा आवाज पुरुषाचा आहे. मुख्य म्हणजे हिचा मूळ मजकूर कुणीही उघडून बदलू शकतं. बदलला की परत कंपाइल करायचा, म्हणजे माणसाने लिहिलेल्या ओळी यंत्राला चालवता येतील अशा रूपात आणायच्या.

बदलायचं काय, ते आज बाबांनी दाखवलं. त्यांनी ‘चौकार’ लिहिलं. यंत्र ‘चौकार’ म्हणालं, पण ‘चहा’तला च घेऊन. आपण तो ‘चमचा’तल्या च ने म्हणतो. ‘जोरात’ला ‘जीव’चा ज लावला. हिंदी बातम्या वाचणाऱ्याने मराठी वाचल्यासारखं. आयुष्यभर ऐकते आहे, पण च दोन आणि ज दोन आहेत हे मला आज कळलं.

‘‘मैदानात असा बोलला त लोक पलतील,’’ बाबांचं यंत्र म्हणालं.

मैदान म्हणजे खाडीकाठचं, खाजणातल्या खाऱ्या शेतजमिनीतलं. भात कापून झालं की तिथे क्रिकेटचे सामने होतात, आणि तीस वर्षं त्यांचं धावतं वर्णन बाबांनी केलं आहे. यंदाचे सामने शेवटचे. पावसाळ्यानंतर तिथे इमारत उभी राहणार. अंतिम सामना दोन फेब्रुवारीला आहे. बाबांना तो बोलायचा आहे.

१० जानेवारी

एक अट आधीच लिहून ठेवते. यंत्र बंद करायचं नाही. त्या सात आठवड्यांत एकदा बाबांना ठसका लागला, श्वास कोंडला, आई मागच्या वाडीत होती आणि त्यांना हाक मारता आली नाही. त्या धास्तीने आता ते यंत्र पाच मिनिटंही बंद होऊ देत नाहीत. त्यामुळे जे काही बदलायचं ते चालू असतानाच. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही टाकायला मनाई आहे, म्हणून कंपाइलही त्यांच्याच लॅपटॉपवर करावं लागेल. तो बारा वर्षांचा म्हातारा. सगळं कंपाइल व्हायला पस्तीस मिनिटं घेतो.

आज पहिल्यांदा करून पाहिलं. लॅपटॉप इतका तापला आणि गुंतला की बाबांचा आवाज अडखळायला लागला. ‘‘जि... जि... जिजा, चा... चा...’’ जिजा, म्हणजे आई, चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘आता यो मशीन पन तोतरा झाला?’’ बाबा हसून हसून लाल. मी कंपाइलचं काम मागच्या बाकावर बसवलं. म्हणजे बाबा बोलत नसतील तेवढ्याच वेळात त्याने हात चालवायचा. मग पस्तीस मिनिटांचा दीड तास झाला, कारण बाबा गप्प बसतच नाहीत.

१३ जानेवारी

नियम सापडला. च किंवा ज च्या पुढे इ, ई, ए, य असेल तर चहातला, नाहीतर चमच्यातला. चौकार जमला! जोरात, चूल, जवळ, सगळं जमलं. पण अपवाद आहेत. चहा स्वतःच अपवाद. चार, जन्म, जग हे पण. ते एका यादीत घातले.

दुसरी गोष्ट मात्र माझीच चूक होती. परवाच मी शुद्धलेखन सुधारणारा एक भाग बसवला होता. आज दुपारी बाबांनी ‘पानी दे’ लिहिलं. यंत्र म्हणालं, ‘‘पाणी दे.’’ बाबांनी मागे वळून पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणी पाणी मागितलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला आठवीत असतानाची मी आठवले. बाबा शाळेच्या कार्यक्रमात माइकवर ‘आनि’ म्हणाले म्हणून मी घरी येऊन रडले होते.

तो भाग काढून टाकला. पुन्हा दीड तास.

१६ जानेवारी

दोन दिवसांचं काम आठवड्यावर गेलं. रोज सकाळी चहा झाला की बाबा दोन शब्द सांगतात. दोनच. काल ‘जू’ आणि ‘झावली’. आज ‘चवली’ आणि ‘चिखलनी’. चवळी, चिखलणी तर दोन्ही बरोबरच येत होत्या, पण बाबांचं म्हणणं, ‘‘नीट आयक. नीट नाय.’’ ऐकता ऐकता त्यांनी गोष्ट सुरू केली. लावणीच्या आधी चिखल करताना त्यांचा बैल बसला, उठेचना, तेव्हा आजीने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो उठला. काय सांगितलं ते आजीने कधीच सांगितलं नाही. ही गोष्ट दोन बोटांनी टाइप करायला पाऊण तास. माझी दहाची मीटिंग चुकली.

मी म्हटलं, ‘‘बाबा, सगळे चुकलेले शब्द एकदम द्या ना. एकदाच घालते.’’

‘‘एकदम आठवत नाय,’’ यंत्र म्हणालं.

आई भाकरी थापत होती. ती गालातल्या गालात हसली. का ते कळलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज मी फार वाईट काम केलं. लिहायलाही नको वाटतंय.

संध्याकाळी नंदाखालहून फ्रेडरिककाका आले. ते बाबांचे जुने जोडीदार. बाबा बोलायचे आणि काका शेजारी बसून धावफलक लिहायचे. आता ते सामन्यांच्या समितीत आहेत. थोडा वेळ केळीच्या बागेचं बोलणं झालं, मग ते चप्पल पायात घालायच्या बेताने म्हणाले, ‘‘धर्मा, समितीची पोरं म्हणतात, यंदा विरारच्या एका निवेदकाला बोलवू. तुला त्रास कशाला? तू पाहुणा म्हणून ये. शाल देऊ.’’

बाबांनी लॅपटॉप पुढे ओढला. मी आत खोलीत होते, माझ्या लॅपटॉपवरून त्यांच्या मशीनला जोडून नवीन तयार झालेला भाग जागेवर बसवत होते. जुन्या फाइलवरच नवी उतरवली. घाई होती. यंत्र म्हणत होतं, ‘‘फ्रेडी, या मैदानात शेवटचा बोलनार तो...’’

आणि थांबलं.

चालू कार्यक्रम ज्या फाइलवर उभा होता तीच मी त्याच्या पायाखालून बदलली होती. तो जागच्या जागी मेला. बाबा बटणं दाबत राहिले. मी धावत बाहेर आले, पुन्हा चालू करायला गेले तर चालू होईना, नवा भाग अर्धाच उतरला होता. काका वाट बघत उभे. बाबांचा हात तसाच हवेत. शेवटी काका म्हणाले, ‘‘बरं, येतो,’’ आणि मोटरसायकल सुरू झाली.

बाबा उठले, मागे गेले, आणि वालाच्या वेलांना पाणी घालत बसले. सकाळीच घातलं होतं.

तासाभरात मी यंत्र चालू केलं. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

२१ जानेवारी

बाबांनी पाटी काढली आहे. आज माझ्यासमोर धरली.

‘माजा आवाज माज्या गल्यात व्हता तवा त्यात कोनी हात घालत नव्हता.’

मी आत गेले.

दिवसभर ऑफिसचं काम केलं. आईने जेवताना विचारलं, ‘‘तू लहान असताना बाबांचा आवाज कुठपर्यंत येयाचा, आठवतंय?’’ आठवतंय. वडाच्या झाडाला भोंगा बांधलेला असायचा आणि बाबांचा आवाज बांधावरून, मिठागरांवरून थेट आमच्या ओट्यापर्यंत यायचा. आई त्यावरून चहा टाकायची. ‘‘शेवटचं षटक’’ म्हणाले की आधण. मी मैदानातच, बाबांच्या टेबलाखाली बसलेली असायचे. एकदा ऐन सामन्यात ते माइकवर म्हणाले, ‘‘फलंदाज सज्ज, गोलंदाज धावतोय, आनि हेमांगी, तुजी आय बोलवते, घरी जा.’’ सगळं मैदान माझ्याकडे बघून हसलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

त्यातलं एकही वाक्य कुणी रेकॉर्ड केलेलं नाही. रोजच मिळणारी गोष्ट कोण जपून ठेवतं?

२२ जानेवारी

चूक नीट समजून घेतली. नवी फाइल जुनीवर लिहायची नसते. शेजारी पूर्ण उतरवायची आणि मग फक्त नाव बदलायचं. चालू असलेला कार्यक्रम आपली जुनी फाइल धरून बसलेला असतो, नाव गेलं तरी त्याची पकड सुटत नाही. तो आपलं वाक्य संपवतो. पुढचं वाक्य सुरू होतं तेव्हा नवी फाइल उघडली जाते. मीही आता तशीच मांडणी केली आहे, प्रत्येक वाक्यासाठी बोलणारा नव्याने उभा राहतो. शिवाय अपवादांची यादी वेगळी काढली. एक शब्द बदलला तर पस्तीस मिनिटं नकोत, एक मिनिट पुरेल. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आठ वर्षं हेच काम करते, आणि वडिलांच्या आवाजाशी असं वागले की जसं काही ते चाचणीचं मशीन आहे.

दुपारी रिक्षाने नंदाखालला गेले. फ्रेडरिककाका केळीची पानं छाटत होते. त्यांना सगळं सांगितलं, की बाबा गप्प झाले नव्हते, मीच त्यांना गप्प केलं.

काकांनी कोयता पुसला. ‘‘मला वाटलं, त्याला राग आला. तीन दिवस मी जेवलो नाही नीट. इनेझला विचार.’’

इनेझकाकी पडवीतून म्हणाल्या, ‘‘जेवला. पण बडबडला नाही.’’

‘‘काका, बाबांचं वाक्य पूर्ण असं होतं...’’

‘‘तू नको सांगू,’’ काकांनी हात वर केला. ‘‘त्याचं वाक्य आहे. तो सांगेल.’’

२५ जानेवारी

काका आले. ओट्यावर बसले. चप्पल काढली, या वेळी आत ठेवली. म्हणाले, ‘‘हां धर्मा. शेवटचा बोलणार तो?’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले, काहीही करत नाहीये. त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि लॅपटॉप ओढला.

‘‘तो मी,’’ यंत्र म्हणालं.

‘‘बरं,’’ काका म्हणाले. ‘‘मग मी लिहीन.’’

एवढंच झालं. दोघांनी चहा घेतला, आणि काकांना चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, हवेत का यावर अर्धा तास वाद.

२८ जानेवारी

पुन्हा रोज दोन शब्द सुरू. ‘जांभूल’, ‘चालनी’. चाळणीची गोष्ट माझ्या जन्माच्या दिवसाची निघाली. मला माहीत नव्हती. सुईण यायला उशीर झाला आणि बाबा घाबरून तांदूळ चाळत बसले होते, चाळलेलेच परत परत.

मॅनेजरचा फोन आला. पाच तारीख पक्की ना? पक्की, म्हटलं. फोन ठेवल्यावर बघितलं तर बाबा दारात उभे. त्यांनी तिसरा शब्द सांगितला. आज पहिल्यांदाच तीन.

२ फेब्रुवारी, रविवार

मैदानाच्या दोन बाजूंना आता इमारती आहेत. षटकार गेला की चेंडू वॉचमनकडून मागून आणावा लागतो. वड नाही, म्हणून भोंगा बांबूवर. बाकी टेबल तेच, त्याला दोर बांधून उभं केलेलं. बाबा, शेजारी वही घेऊन फ्रेडरिककाका, आणि मागे मी माझा लॅपटॉप बाबांच्या मशीनला जोडून. टेबलाखाली आता मावत नाही.

पहिले दोन सामने, लहान पोरांचे, सुरेख गेले. बाबांनी नेहमीची वाक्यं आधीच साठवून ठेवली होती, बटण दाबलं की ‘‘जोरात मारला, चेंडू बांधापार, चौकार!’’ लोक सुरुवातीला त्या पत्र्याच्या आवाजाकडे वळून बघत होते. दहा मिनिटांनी कुणी बघेना. सामना बघायला लागले.

अंतिम सामना उमेळे विरुद्ध चंद्रपाडा. बाबांनी नाव घेतलं आणि मी झटकन यादी उघडली. चंद्र माझ्या अपवादांत नव्हता. यंत्र चंद्रपाडा म्हणालं ते चमच्यातल्या च ने. मैदान हसलं. बाबांनी पुन्हा नाव घेतलं, पुन्हा हसलं. आमची पोरं तसंच ओरडायला लागली, चिडवायला. चंद्रपाड्याचा कप्तान टेबलाशी आला. चिडलेला होता, पण अदबीने बोलला. ‘‘काका, शेवटची मॅच आहे. गावाचा नाव तरी नीट घ्या.’’

बाबांनी मान खाली घातली. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, ‘‘एक मिनिटाचं काम आहे. पण तुम्ही बोलत असताना करावं लागेल. त्या दिवशीसारखं झालं तर...’’

सामना थांबणार नव्हता. गोलंदाज धावत सुटला होता. बाबांनी टाइप केलं. ते यंत्राने सगळ्या मैदानाला ऐकवलं, ‘‘कर.’’

मी यादीत ‘चंद्र’ घातला. बाबा बोलत होते, ‘‘दुसरा चेंडू, आखूड टप्पा...’’ कंपाइलला लावलं. ‘‘...मागं गेला, झेल उडाला...’’ नवी फाइल शेजारी उतरली. पूर्ण उतरली का, दोनदा तपासलं. ‘‘...हातात आला, हातातून निसटला...’’ नाव बदललं.

वाक्य तुटलं नाही. जुन्या आवाजाने ते शेवटपर्यंत नेलं.

बाबांनी पुढचं बटण दाबायच्या आधी एक श्वास घेतला. त्यांच्या गळ्यातल्या छिद्रातून तो घेतलेला मला ऐकू आला. ‘‘चंद्रपाड्याला एक धाव.’’ चहातला च. स्वच्छ. पलीकडून चंद्रपाड्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. धावेला नव्हे, नावाला.

आम्ही हरलो. शेवटच्या चेंडूवर.

बक्षिसं झाल्यावर समितीने शाल आणली. बाबांनी ती खुर्चीवर ठेवायला सांगितली आणि टाइप करू लागले. लोक उभे राहिले. खूप वेळ लागला, कुणी गेलं नाही. हे मैदान म्हणजे एकाचं शेत नव्हे, अकरा जणांच्या पट्ट्या बांध काढून एक केलेल्या. खाडीपासून रस्त्यापर्यंत कुठली पट्टी कुणाची, ती अकरा नावं बाबांनी एकामागून एक सांगितली. कुणाचा नातू पुढे उभा होता, कुणाचं कुणीच नव्हतं. यंत्राने तीन नावं चुकीची उच्चारली. कुणी हसलं नाही. मी दुरुस्त करायला हात पुढे केला, काकांनी मनगट धरलं.

शेवटी, ‘‘सामना संपला. सावकाश घरी जा.’’

काकांनी वही मिटली. बाबांनी यंत्राचा आवाज कमी केला. बंद नाही केलं.

आई घरी म्हणाली, ‘‘ओट्यावर आयकू आला. सगला. चहा टाकला व्हता, तुमी उशीर केला.’’

४ फेब्रुवारी

उद्या सकाळचं विमान. सामान भरत होते. आई कपाटातून माझ्या जुन्या साड्या काढत होती, त्यात एक शाळेची वही सापडली. ‘‘ही तुज्या बाबांची,’’ म्हणाली आणि माझ्या हातात दिली. मुद्दाम दिली की सहज, कळलं नाही.

पहिल्या पानावर तारीख, ७ जानेवारी. मी आले तो दिवस. खाली चुकणाऱ्या शब्दांची यादी, एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखी. चौकार, जोरात, जू, झावली, चवली, चिखलनी. ओळीने. जे मला सांगून झाले त्यांच्यावर काट मारलेली. बाकी एकतीस.

मला रागच आला. सगळी यादी आधीपासून तयार! पहिल्याच दिवशी हातात ठेवली असती तर एका आठवड्यात सगळे शब्द झाले असते, माझ्या मीटिंगा चुकल्या नसत्या. रोज दोन-दोन कशाला? वही घेऊन ओट्यावर गेले. विचारलं. बाबा नुसते हसले, आणि आईकडे बघून मान हलवली, पकडलं गेल्यासारखी.

मी म्हटलं, ‘‘द्या, वही घेऊन जाते. तिथून जोडणी करता येईल, रात्रीतून सगळे घालून टाकीन.’’

बाबांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी ती मांडीखाली ठेवली आणि टाइप केलं.

‘‘ऱ्हवू दे हितंच. होलीला आल्यावर कर.’’

होळीला मला दोन दिवस सुट्टी मिळते. एकतीस शब्द काही होणार नाहीत. गणपतीलाही यावं लागेल.